घोरावाडीची आठ प्रश्नचिन्हे

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते, मग बेगडेवाडी येते, मग घोरावाडी आणि मग तळेगाव. घोरावाडीला उतरणारे थोडे; बसल्या जागेवरून फलक वाचणारे पुष्कळ. त्या फलकावर ‘घोरावाडी’ ही चार अक्षरे आहेत. आपण चार म्हणतो, संगणक आठ म्हणतो. तो असे का म्हणतो आणि त्यामुळे माझी काय फजिती झाली, तिथूनच आजच्या विषयाला सुरुवात करतो.

माझी नोकरी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात झाली. निवृत्तीनंतर घराजवळच्या एका लहानशा पतसंस्थेचे संगणकाचे काम मी हौसेने अंगावर घेतले. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण झाल्या प्रकारात दोष माझा होता. २००७ सालचा पावसाळा. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांना पाठवायची होती. सभासद तीनशेच्या आसपास. त्यांची नावे, खाते क्रमांक, भागांची रक्कम आणि लाभांश असा तक्ता ‘एक्सेल’मध्ये तयार होता. तीनशे पत्रे हाताने कोण करणार? मी एक ‘मॅक्रो’ लिहिला.

मॅक्रो म्हणजे तक्त्याला दिलेली लेखी आज्ञा. पहिल्या ओळीतले नाव घे, पत्रात टाक, छाप. दुसऱ्या ओळीतले घे, टाक, छाप. असे शेवटच्या ओळीपर्यंत. एकदा लिहून ठेवले की बटण दाबून आपण चहा प्यायला मोकळे. मी तसाच गेलो. परत येईपर्यंत पत्रांचा गठ्ठा तयार होता. वरचे एक पत्र पाहिले, नाव बरोबर, रक्कम बरोबर. पाकिटे भरून शिपायाच्या हाती दिली.

तिसऱ्या दिवशी एक आजी पत्र घेऊन संस्थेत आल्या. जुन्या सभासद. पत्र टेबलावर ठेवून म्हणाल्या, “नाव माझं बरोबर आहे रे बाबा. पण गाव कुठं गेलं?”

पाहतो तो नावाखाली ‘मु. घोरावाडी, ता. मावळ, जि. पुणे’ असे हवे होते, तिथे छापले होते: ‘??. ????????, ??. ????, ??. ????’. टिंबे आणि स्वल्पविराम जागच्या जागी, बाकी सगळी प्रश्नचिन्हे. घोरावाडीची मोजून आठ.

खरे सांगायचे तर मॅक्रो लिहितानाच ही प्रश्नचिन्हे मला पडद्यावर दिसली होती. तरी मी पुढे गेलो, कारण त्याआधीची दहा-बारा वर्षे मॅक्रोच्या खिडकीत मराठी कधीच मराठीसारखी दिसत नसे आणि कागदावर मात्र व्यवस्थित उतरत असे. मला वाटले, हेही तसेच असेल. माझी ही समजूत चुकीची का ठरली हे शोधताना मी मागे मागे जात थेट १९६४ सालापर्यंत पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, डार्टमथ कॉलेजमध्ये, जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ‘बेसिक’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. या भाषेतले पहिले कार्यक्रम चालले ते १ मे १९६४च्या पहाटे चार वाजता. (आपल्या राज्याचा चौथा वाढदिवस, हा निव्वळ योगायोग.) या भाषेत उत्तर मागायची आज्ञा होती ‘प्रिंट’. हा शब्द तेव्हा अगदी अक्षरशः खरा होता. मुलांसमोर पडदा नव्हताच. समोर असे टेलिप्रिंटर. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून पूर्वी ज्यावर वृत्तसंस्थांच्या बातम्या खडखडत येत, त्याच जातीचे यंत्र. ‘प्रिंट’ म्हटले की यंत्र खडखडे आणि कागदाच्या गुंडाळीवर उत्तर उमटे.

त्या यंत्रावर कोणती अक्षरे होती? रोमन लिपीची मोठी अक्षरे, अंक आणि थोडी चिन्हे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देण्याची जी ‘आस्की’ पद्धत ठरली, तिच्यात एकूण १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीच्या गरजेपुरत्या होत्या. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. घर बांधणाऱ्याने आपल्या माणसांपुरत्या खोल्या काढल्या. पण पुढे त्याच घरात सगळ्या जगाला राहायला जावे लागले.

नंतर पडदे आले, टेलिप्रिंटर गेले, पण शब्द राहिला. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी ‘आल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी बेसिक लिहून दिले आणि त्यावर मायक्रोसॉफ्ट कंपनी उभी राहिली. १९९३ साली एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्यासाठी त्यांनी जी भाषा बसवली, ती याच बेसिकची नात म्हणावी अशी: ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’. आजीचे बोलणे नातीच्या तोंडी यावे तसा ‘प्रिंट’ तिथेही आला, फक्त अर्थ फाटले. एक्सेलच्या मॅक्रोत एक ‘डीबग डॉट प्रिंट’ असते; त्याने पडद्यावरच्या एका छोट्या खिडकीत ओळ उमटते, कागद हलत नाही. एक नुसता ‘प्रिंट’ असतो, त्याच्यापुढे फायलीचा क्रमांक द्यायचा. तो मजकूर फायलीत लिहितो, कागद तरीही हलत नाही. आणि तिसरा ‘प्रिंटआउट’, ज्याने खरोखर छापखाना सुरू होतो. नवशिक्या माणसाने ‘प्रिंट’ लिहावे आणि प्रिंटरकडे बघत बसावे, हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. त्याला हसू नये. शब्दाच्या मूळ अर्थाप्रमाणे तोच बरोबर असतो.

आता तक्त्याकडे वळू. इंग्रजीत याला ‘स्प्रेडशीट’ म्हणतात ते हिशेबाच्या वहीवरून; उघडलेल्या वहीची समोरासमोरची दोन पाने मिळून जो रुंद तक्ता होतो, तो. आपल्याकडे कीर्द, खतावणी आणि तेरीज लिहिणाऱ्याला हा तक्ता परका नाही. त्यातले दुःखही परके नाही: एक आकडा चुकला की खालच्या सगळ्या बेरजा खोडून पुन्हा लिहा. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला हेच दुःख फळ्यावर दिसले आणि बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साथीने त्याने १९७९ साली ॲपलच्या संगणकासाठी ‘व्हिझिकॅल्क’ आणले. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. हिशेबनिसाला याहून मोठे वरदान दुसरे नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या कारखान्यात आले ते मात्र ‘लोटस वन-टू-थ्री’. अमेरिकेत ते जानेवारी १९८३मध्ये बाजारात आले होते. आमच्यापर्यंत पोचायला ऐंशीचे दशक सरत आले. पडदा काळा, अक्षरे हिरवी. तिथे मी पहिला मॅक्रो लिहिला. त्या काळचा मॅक्रो म्हणजे कळफलकावर आपण ज्या कळा दाबू त्यांची नुसती यादी. छपाईची यादी मला अजून पाठ आहे: तिरकी रेघ, मग पी, पी, ए, जी, पी, क्यू. तिरक्या रेघेने आज्ञांची पाटी उघडायची; पहिला पी म्हणजे छपाई, दुसरा पी म्हणजे प्रिंटरवर, ए म्हणजे कागद रेषेत धर, जी म्हणजे चल, तिसरा पी म्हणजे पान पुढे सरकव आणि क्यू म्हणजे बाहेर पड. रिटर्नची कळ दाबायची असेल तिथे लाटेसारखे एक चिन्ह टाकायचे. हे सगळे त्याच तक्त्यातल्या एका चौकटीत लिहायचे आणि त्या चौकटीला एखादे अक्षर नाव म्हणून द्यायचे. ऑल्ट कळ धरून ते अक्षर दाबले की छपाई सुरू.

मॅक्रो तक्त्यातच राहत असल्यामुळे एक गंमत होई. तो कुणाला दिसू नये म्हणून आम्ही त्याला लांब उजव्या कोपऱ्यात लपवत असू. एखादा सहकारी नोकरी सोडलेल्या कामगाराची ओळ काढून टाकी, आणि ती ओळ तक्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असल्याने मॅक्रोचा तुकडाही तिच्याबरोबर जाई. पगाराच्या दिवशी ऑल्ट दाबून काहीच होत नसे, आणि मग शोधाशोध.

प्रिंटर ठोक्यांचा, म्हणजे डॉट मॅट्रिक्स. छिद्रांच्या पट्ट्यांचा सलग कागद. पगारपत्रक रुंद असल्याने अक्षरे बारीक करावी लागत. त्यासाठी छपाईच्या मांडणीत उलटी तिरकी रेघ आणि ०१५ असा आकडा लिहायचा. तो आकडा कागदावर छापला जात नसे. तो प्रिंटरला दिलेला इशारा असे, की आता दाटीने छाप. एका ओळीत ८० ऐवजी सव्वाशेच्या वर अक्षरे बसत. अक्षराचा क्रमांक म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळले ते त्या ०१५मुळे.

पण पत्रक इंग्रजीत. कामगार आसपासच्या गावांतले, बरेचसे मराठी शाळेत शिकलेले, आणि त्यांच्या हातात पडणारा पगाराचा कागद रोमन अक्षरांत. रोमनमध्ये ‘काळे’ आणि ‘काले’ एकच, ‘दाते’ आणि ‘दाटे’ही एकच. माणूस आपले नाव न वाचता बोटाने दाखवलेल्या जागी मराठीत सही करी. तेव्हा त्यात कुणाला वावगे वाटत नसे, मलाही नाही. आज वाटते.

याच सुमारास संगणकावर देवनागरी आणण्याचे काम आपल्या देशात चालू होते आणि त्याचा मोठा भाग आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात व्हायचा होता. सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली; आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदी मंडळींनी तिथे भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ नावाचे तंत्र घडवले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. लोकांना ती आठवते ‘परम’ महासंगणकामुळे. पण जिस्टही तिथे आले आणि वाढले. संगणकाच्या पोटात एक जादा कार्ड बसवायचे, मग इंग्रजीसाठी लिहिलेल्या लोटस, डीबेस यांसारख्या कार्यक्रमांतही देवनागरी उमटे. कार्यक्रमाला पत्ताही नसे की आपण मराठी लिहितो आहोत.

त्यामागची युक्ती सुरेख होती. संगणकात एका अक्षराच्या जागेत २५६ क्रमांक मावतात. पहिले १२८ इंग्रजीला दिलेले. उरलेल्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवल्या. ‘इस्की’ नावाची ही पद्धत १९८८ साली ठरली आणि १९९१ साली भारतीय मानक झाली. त्यात प्रत्येक जोडाक्षराला वेगळी जागा नव्हती. व्यंजन वेगळे, काना वेगळा, वेलांटी वेगळी. त्यांना जोडून अक्षर कसे दिसावे ते यंत्राने ठरवायचे. म्हणजे घ, ओकार, र, काना, व, काना, ड, दीर्घ वेलांटी. चार अक्षरांची आठ अक्षरे झाली ती अशी. बाराखडी शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांनी हे ताबडतोब मान्य केले असते.

छपाईची अडचण निराळी. ठोक्यांच्या प्रिंटरमध्ये इंग्रजी अक्षरांचे साचे आतच असत. संगणकाने क्रमांक पाठवला की प्रिंटर अक्षर ठोकून मोकळा. देवनागरीचे साचे सर्वसाधारण प्रिंटरमध्ये नव्हते. मग अक्षराचे चित्र करून ठिपका ठिपका पाठवायचा. त्यात आपल्या अक्षरांना वर रफार आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या एका ओळीच्या उंचीत ते मावेना. ओळ दोन-तीन फेऱ्यांत छापावी लागे आणि छपाई रेंगाळे.

मग विंडोज आले आणि सगळा देश फाँटच्या मागे लागला. मला विचाराल तर या काळाने मराठीची जेवढी सोय केली, तेवढीच अडचणही करून ठेवली. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सी-डॅकची स्वतःची ‘आयएसएम’. डीटीपीच्या प्रत्येक दुकानात यांतले काही ना काही असे. यांनी पुस्तके, पत्रिका आणि वर्तमानपत्रे देखणी केली, याबद्दल वाद नाही. पण बहुतेक फाँटांची रीत अशी, की इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. कुठे अर्धा ‘म’, कुठे नुसता काना. कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरांचे कडबोळेच. फाँटचा चष्मा लावला तरच मराठी. चष्मा हरवला, म्हणजे फाईल दुसऱ्या संगणकावर गेली, की सगळा अर्थहीन मजकूर. आणि नावे अकारविल्हे लावायची सोय नाही, कारण ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी साठवलेली असे. ‘शिंदे’ शोधायला जावे तर ते ‘श’मध्ये नसून वेलांटीत सापडत.

मात्र मॅक्रो लिहिणाऱ्याला या पद्धतीत एक सुख होते, आणि माझी चूक त्याच सुखातून जन्मली. मॅक्रोच्या खिडकीत ते रोमन कडबोळे टंकले की झाले. तिथे ते वेडेवाकडे दिसे, पण पत्राच्या चौकटीला मराठी फाँट दिलेला असल्याने कागदावर ‘घोरावाडी’ स्वच्छ उमटे. दहा वर्षे अशी गेली. खिडकीत काही का दिसेना, कागदावर मराठी येते, ही माझी श्रद्धा झाली.

दरम्यान जगभरच्या लिप्यांना प्रत्येकी स्वतःचे, दुसऱ्या कुणाशी न वाटलेले क्रमांक देण्याचे काम सुरू झाले होते. ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरीचा त्यातला तक्ता १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेला होता. देवनागरीला मिळाले २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक. विंडोज २००० बरोबर हे क्रमांक वाचणारा ‘मंगल’ फाँट घरोघरी पोचला. तो घडवला मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. मराठीच्या खास गरजा मागाहून भागल्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले. आपल्या शासनाने मराठी वर्णमाला आणि वर्णलेखनाचा निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी.

माझ्या पतसंस्थेत आम्ही २००७च्या उन्हाळ्यात सभासदांची यादी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणली. विंडोज एक्सपीत भारतीय लिप्या आपोआप चालत नसत, सीडी घालून त्या बसवाव्या लागत, तेही केले. यादी पहिल्यांदा खरोखर अकारविल्हे लागली तेव्हा संस्थेचे सचिव उठून बघायला आले. यादीतून गावनिहाय बेरीज करताना आणखी एक गोष्ट कळली: कुणी ‘घोरावाडी’ लिहिले होते, कुणी ‘घोरवाडी’, आणि संगणकाने एका कान्यासाठी दोन गावे केली होती. ते दुरुस्त केले. आणि मग पावसाळ्यात, जुन्या सवयीने, मी मॅक्रोच्या खिडकीत मराठीत पत्ता लिहिला.

एक्सेलच्या चौकटींमध्ये १९९७च्या आवृत्तीपासून युनिकोड साठवता येतो. मॅक्रो लिहायची खिडकी मात्र जुन्या २५६ जागांच्या पद्धतीवरच राहिली. युनिकोडच्या आधी मायक्रोसॉफ्टने निरनिराळ्या लिप्यांसाठी २५६ जागांचे वेगवेगळे तक्ते केले होते, आणि प्रत्येकाला नंबर होता: रशियनचा १२५१, पश्चिम युरोपचा १२५२, ग्रीकचा १२५३, अरबीचा १२५६, थाईचा ८७४. देवनागरीचा तसा तक्ता कधी झालाच नाही. विंडोज २००० मध्ये हिंदी-मराठीला जागा मिळाली ती थेट युनिकोडमध्ये. एका अर्थी आपण जुना जिना न चढता लिफ्टनेच वर गेलो. पण ज्या खोलीला फक्त जिन्यावरूनच दार आहे, तिथे आपल्याला शिरता येईना. रशियन माणूस आपल्या रशियन संगणकावर मॅक्रोत रशियन मजकूर लिहू शकतो. मराठी माणसाला नेहमीच्या मांडणीच्या कुठल्याही विंडोज संगणकावर ते जमत नाही. त्या खिडकीला ओळखता न येणाऱ्या प्रत्येक क्रमांकाच्या जागी ती एक प्रश्नचिन्ह ठेवते. घोरावाडीला आठ, मावळला चार, पुण्याला चार.

सभासदांची नावे बरोबर आली, कारण ती चौकटीतून चौकटीत गेली. गाव मी मॅक्रोत लिहिले होते, म्हणून ते गेले.

हे कळल्यावर मी तिन्ही ‘प्रिंट’ पारखून पाहिले. चौकटीत ‘घोरावाडी’ नीट लिहिले आणि मॅक्रोला ते वाचायला लावले. छोट्या खिडकीतल्या ‘प्रिंट’ने आठ प्रश्नचिन्हे दाखवली. फायलीत लिहिणाऱ्या ‘प्रिंट’नेही आठ. ‘प्रिंटआउट’ने कागदावर घोरावाडी दिली. यातला दुसरा प्रकार सर्वांत वाईट. छोट्या खिडकीतली प्रश्नचिन्हे नुसती दिसण्यापुरती असतात. चौकटीतला मूळ मजकूर शाबूत असतो. फायलीत लिहिलेली प्रश्नचिन्हे मात्र खरीच प्रश्नचिन्हे. मूळ अक्षर त्यात कुठेही उरत नाही. जुन्या फाँटचे कडबोळे निदान परत मराठीत आणता येते; कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर होता, हे कळले की पुरे. प्रश्नचिन्हांवरून ‘मावळ’ होते की ‘पुणे’, हे कुणालाच सांगता येणार नाही, दोन्ही चारच. मी त्याच आठवड्यात सभासदांच्या यादीची एक साधी प्रत मॅक्रोने काढून ठेवली होती, जपून ठेवण्यासाठी. उघडून पाहिली. तीनशे ओळी, आणि एकही नाव नाही. मूळ यादी पुसली नव्हती म्हणून वाचलो. कुणी अशी प्रत काढून मूळ फाईल पुसली असेल, तर त्या माणसांची नावे गेली ती गेलीच.

उपाय दोन निघाले. मॅक्रोच्या भाषेत ‘सी-एच-आर-डब्ल्यू’ असा एक शब्द आहे. त्याला क्रमांक दिला की तो अक्षर देतो. म्हणजे ‘घोरावाडी’ असे न लिहिता २३२८, २३७९, २३५२, २३६६, २३५७, २३६६, २३३७, २३६८ असे आठ आकडे ओळीने जोडायचे. घोरावाडीचा हा जणू गट नंबरच. मी तो हौसेने वहीत लिहून ठेवला. पण सबंध पत्र अशा आकड्यांत कोण लिहिणार, आणि माझ्यामागून येणारा ते वाचणार कसे?

दुसरा उपाय साधा. त्याच फायलीत ‘मजकूर’ नावाचे वेगळे पान करायचे. पत्त्याची ओळ, सभेची सूचना, खालचा ‘आपला विश्वासू’, सगळे तिथल्या चौकटींमध्ये मराठीत लिहून ठेवायचे. मॅक्रोत एकही मराठी अक्षर ठेवायचे नाही. त्याने फक्त चौकटीचा पत्ता सांगायचा: तिथले उचल, इथे ठेव, छाप. यात एक अनपेक्षित लाभ झाला. पत्राची भाषा बदलायची तर सचिवांना मॅक्रो उघडावा लागेना. त्यांनी ताबडतोब दोन वाक्ये जास्त घातली.

पुढे दिवस पालटले. गूगलच्या तक्त्यांना २००९ साली मॅक्रोची स्वतंत्र भाषा मिळाली. तिथे आज्ञेतच मराठी लिहिता येते आणि ती तशीच उमटते. २०१० साली सुरू झालेल्या मोफत ‘लिब्रेऑफिस’मध्येही ही अडचण नाही. आता सातबाराचा डिजिटल सहीचा उतारा २०१८पासून घरबसल्या मिळतो, आणि त्यावर काळे ‘काळे’च असतात. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, कारण त्यांतून व्हायरस फार पसरत. तरीही असंख्य कचेऱ्यांत, पतसंस्थांत आणि शाळांत एक्सेलचे जुने मॅक्रो रोज चालू आहेत, आणि त्यांच्या खिडकीत आजही मराठी लिहिली तर प्रश्नचिन्हेच येतात. नव्याने शिकणारी मुले मला विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना ‘मजकूर’ नावाचे पान करायला सांगतो आणि मग बाकीचे.

त्या वर्षी आम्ही तीनशे पत्रे पुन्हा छापली. कागदाचा खर्च मी दिला. संस्था नको म्हणत होती, पण दिला. यावेळी चहाला गेलो नाही. प्रत्येक पत्र हातात घेऊन पत्ता वाचला. आजींचे पत्र मी स्वतः घरी नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून वाचले, “मु. घोरावाडी... ता. मावळ...” मग बोट खाली सरकले.

“गाव सापडलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “पण लाभांश मागच्या वर्षीपेक्षा कमी कसा?”